हँडल, आडनाव आणि लाल दोरा: बेळगावातल्या एका ऑनलाइन गटाच्या दोन भेटी

पार्श्वभूमी

२०२० च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली आणि बेळगाव परिसरातल्या बऱ्याच पोरांचे व्हिडिओ एका रात्रीत गेले. जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणलं. त्याच पावसाळ्यात दोघांनी मिळून बेळगावविषयी एक पान सुरू केलं. एक उद्यमबागेतल्या फाउंड्रीत सुपरवायझर. गटात सगळे त्यांना दादा म्हणतात. दुसऱ्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिक्षिका. त्या अर्थातच बाई. पानावर कॅम्पातला पाऊस असायचा, किल्ल्यातली कमल बस्ती असायची, कुंदा आटवतानाची कढई, राजहंसगडावरचं धुकं आणि जुने फोटो. सगळ्यात जास्त कमेंट जुन्या फोटोंवर पडायच्या. खडेबाजारातल्या एखाद्या दुकानाची पाटी ओळखता आली की माणसाला दोन ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पानाला जोडून व्हॉट्सॲपचा गट निघाला. तेव्हा एका गटात २५६ जणांचीच मर्यादा होती, म्हणून गट एक आणि गट दोन असे दोन झाले आणि त्यांच्यात विनाकारण मानापमानही सुरू झाला. २०२२ मध्ये मर्यादा आधी ५१२ आणि मग १०२४ झाली, तेव्हा अॅडमिन मंडळींनी सगळ्यांना एकाच गटात आणलं. माणसं शहरातली होती, तशीच निपाणी, चिकोडी, खानापूरची होती. सीमेपलीकडच्या चंदगड-गडहिंग्लजची होती. पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला, गोव्याला गेलेली होती. लिखाण बहुतेक मराठीत. काही जण कन्नडमध्ये लिहायचे, थोडं कोंकणीही दिसायचं, आणि घरी कन्नड बोलून गटात झकास मराठी लिहिणारेही होते.

गटाचा एक नियम सुरुवातीपासून पाळला गेला: सीमाप्रश्नावर इथे वाद नको. १ नोव्हेंबरला शहरात एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडे मराठी भाषिकांच्या काळ्या दिनाची फेरी असते. त्या दिवशी बाई सकाळीच गट 'फक्त ॲडमिन' करून ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी उघडायच्या. यावरून कोणी कधी कुरकुर केली नाही, ही या गटाची खरी ताकद म्हणायला हवी.

मी या गटाचा सभासद नाही. पहिली भेट फसल्यानंतर दुसरीच्या आखणीसाठी मला बोलावलं होतं, आणि नंतर दोन्ही ॲडमिन व काही सभासदांशी सविस्तर बोलून हे लिहिलं आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून व्यवसाय, ठिकाणं आणि काही बारकावे बदलले आहेत.

पहिली भेट

प्रत्यक्ष भेटायची कल्पना तरुण सभासदांची. त्यातले दोघे-तिघे बेंगळूरला कंटेंट क्रिएटर्सच्या एका परिषदेला जाऊन आले होते. गळ्यात ओळखपत्र, स्टेजवर चर्चा, भिंतीवर मोठा स्क्रीन आणि त्यावर सरकणाऱ्या पोस्टी, हे सगळं त्यांना बेळगावात हवं होतं. स्क्रीनचं वेड काही नवं नाही. मार्च २००७ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात भरलेल्या साउथ बाय साउथवेस्ट या परिषदेत ट्विटरने व्हरांड्यांमध्ये मोठे स्क्रीन लावले होते, आणि ट्विटरचं नाव तिथूनच खऱ्या अर्थाने पसरलं. पण तिथे स्क्रीन व्हरांड्यात होते, व्याख्यानाच्या सभागृहात नव्हे. लोक येता-जाता थांबायचे, वाचायचे, आणि जवळ उभ्या असलेल्या माणसाशी बोलायचे. ही बारीक गोष्ट बेंगळूरमार्गे बेळगावात पोचेपर्यंत गळून गेली.

तारीख ठरली दिवाळीच्या सुट्टीतली, कारण पुण्याची मंडळी तेव्हाच घरी असतात. जागा टिळकवाडीतला एक हॉल. खर्चासाठी एक मिठाईवाले पुढे आले. पैसे देईन, पण ज्यांचे फॉलोअर जास्त आहेत अशा पाच जणांचा सत्कार माझ्या हस्ते व्हावा आणि त्यांनी माझ्या दुकानाची एकेक रील करावी, ही त्यांची अट. दादांनी होकार दिला. हॉलचं भाडं, साउंड, जेवण यांचा आकडा समोर असताना नाही म्हणणं अवघड होतं.

बॅनरवरून हॉलच्या मालकांनी आधीच हात वर केले. नोव्हेंबर तोंडावर, नुसत्या मराठीतला बॅनर दारावर नको, ते म्हणाले. २०२४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात दुकाना-आस्थापनांच्या पाट्यांवर साठ टक्के कन्नड असावं लागतं, आणि खाजगी भेटीच्या बॅनरला तो नियम लागो न लागो, कोणी येऊन फाडला तर जबाबदार कोण, हा त्यांचा सवाल. शेवटी इंग्रजीत बॅनर झाला. त्यावर कोणाचंच समाधान झालं नाही, पण कोणी फाडलाही नाही.

काय बिघडलं

दाराशी टेबलावर वही ठेवली होती: नाव, आडनाव, गाव, मोबाइल, इन्स्टाग्राम हँडल (म्हणजे खात्याचं नाव). आत खुर्च्यांच्या रांगा. माणसं आली, वहीत लिहिलं, खुर्चीत बसली आणि मोबाइल काढला. वर्षानुवर्षं एकमेकांच्या पोस्टखाली हसणारी-भांडणारी माणसं शेजारी-शेजारी बसून गटातच लिहीत होती: "आलो गा, तिसऱ्या रांगेत आहे." स्क्रीनवर ते दिसायचं, लोक हसायचे, पण उठून कोणी कोणाकडे जायचं नाही. जाणार तरी कसं? हँडल माहीत, चेहरा माहीत नाही. आणि चेहऱ्यावर हँडल लिहिलेलं नसतं.

मग सत्कार. शाल, श्रीफळ, भाषणं. सत्कार झालेल्या पाच जणांभोवती सेल्फीचा गराडा पडला आणि कार्यक्रम संपेपर्यंत तो हलला नाही. गटाला खरा जीव देणारी माणसं वेगळी होती. प्रत्येक नव्या सभासदाला पहिलं उत्तर देणारी, फोटोतली गल्ली ओळखून सांगणारी, कोणाचं कोणाशी बिनसलं तर मध्ये पडणारी. ती मागच्या रांगेतून जेवणाआधीच निघून गेली.

इथपर्यंत फसलेला कार्यक्रम म्हणून सोडून देता आलं असतं. पण दोन गोष्टी पुढे गेल्या.

निवेदकाने स्टेजवर काही सभासदांना बोलावलं. त्यात एक जण असा होता ज्याच्या मराठी कोट्यांवर अख्खा गट फिदा होता. निवेदकाने त्याला आडनाव विचारलं. आडनाव निघालं बैलहोंगलकडचं, कन्नड. "अरे वा, मग तुम्ही आमच्यात कसे?" असा विनोद झाला. हॉलमध्ये हशा पिकला, तोही हसला. कोणीतरी ते टिपलं, मागचं-पुढचं कापून वर भलताच मजकूर टाकून फिरवलं. दोन्ही बाजूंच्या लोकांनी त्याखाली यथेच्छ तोंडसुख घेतलं. आठवडाभर त्या माणसाने गटात एक अक्षर लिहिलं नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. गटात एक ताई चेहरा आणि नाव न दाखवता स्वयंपाकाचे व्हिडिओ टाकायच्या. फक्त हात, चूल, परात. सासरी माहीत नव्हतं. भेटीला त्या मैत्रिणीबरोबर आल्या आणि वहीत खरं नाव लिहिलं, कारण वहीत तसाच रकाना होता. एका उत्साही पोराने इन्स्टाग्रामवर लाइव्ह सुरू केलं, वहीचं पान कॅमेऱ्यासमोर धरलं आणि 'आज कोण कोण आलंय बघा' म्हणून हँडल आणि नावं मोठ्याने वाचली. रात्री त्या ताईंच्या दिरांनी तो भाग घरच्या गटात पाहिला. दुसऱ्या दिवशी त्यांचं खातं बंद होतं.

सीमाभागात आडनाव म्हणजे अर्धी जन्मपत्रिका. जात कळते, गाव कळतं, घरात कोणती भाषा बोलतात ते कळतं, आणि त्यावरून समोरचा पक्षही ठरवून टाकतो. गटात पाच वर्षं माणसं एकमेकांशी मोकळी वागली, कारण तिथे आडनावं नव्हती. आयोजकांनी भेटीच्या दारातच ती मागून घेतली. एका वहीमुळे पाच वर्षांचं मोकळेपण गेलं, असं मी म्हटलं तर दादांना ते अजून पटत नाही. ते दोष लाइव्ह करणाऱ्या पोराला देतात. पण वही तिथे नसती तर त्याला वाचायला काही नव्हतं.

पुढे काय: मांडलेले पर्याय

आठ-दहा जण बाईंच्या घरी बसले. काहींचं म्हणणं, आता भेटी बंद. ऑनलाइन आहे ते बरं आहे. हे म्हणणं भित्रेपणाचं नव्हतं. ज्या ओळखीला पडदा हवा असतो ती पडद्यातच टिकते, हा त्यांचा मुद्दा होता आणि त्या ताईंचं उदाहरण समोर होतं.

काही तरुणांना वेंगुर्ला रोडवरच्या एखाद्या फार्महाउसवर पार्टी हवी होती: संगीत, मटण, रात्र. त्यात भेटी होतात हे खरं. पण रात्री, शहराबाहेर म्हटल्यावर बायका येणार नाहीत, आणि रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद करावा लागतो तो वेगळाच. बाईंनी विचारलं, "मग आपल्या गटातल्या निम्म्या लोकांनी काय घरी बसून लाइक करायचं?" तो पर्याय तिथेच संपला.

ज्येष्ठांनी साहित्य संमेलनाचा घाट सुचवला. आपल्याकडे त्याची सवय दांडगी आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कारदगा, गावोगावी संमेलनं भरतात आणि लोक बैठक मारून ऐकतात. पण ऐकतात, हीच अडचण. शिवाय बेळगावात संमेलन म्हटलं की लोकांना ठराव आठवतो. १९४६ साली माडखोलकरांच्या अध्यक्षतेखालच्या इथल्याच साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला होता. गटातल्या कन्नड सभासदांनी संमेलन शब्द ऐकताच मान हलवली, आणि त्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही.

राजहंसगडावर सकाळची चढण, हा पर्याय मला स्वतःला आवडला होता. चालताना माणसं आपोआप बोलतात. पण पासष्टी पार केलेले सभासद, जे जुने फोटो ओळखतात, ते गळले असते.

उरला एक प्रश्न, आणि सगळी आखणी त्यातून निघाली. ही माणसं ऑनलाइन बोलतात तेव्हा नेमकं काय करत असतात? ती एकमेकांची ओळख करून घेत नसतात. समोर एक फोटो असतो, आणि त्याविषयी बोलता बोलता ओळख होते. पहिल्या भेटीत फोटो नव्हता, नुसती ओळख होती.

दुसरी भेट

तारखेवरच बरीच डोकेफोड झाली. ऑक्टोबर-नोव्हेंबर नको. डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरलं की लॉज भरतात, मोर्चे निघतात, रस्त्यांवर बंदोबस्त. जानेवारीत १७ तारखेला सीमालढ्याचा हुतात्मा दिन. वैशाखात शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक. त्या आठवड्यात निम्मे सभासद मंडळात अडकलेले. फेब्रुवारीतला एक साधा रविवार मोकळा निघाला, सकाळी दहा ते दीड. पुणेकरांनी तोंड वाकडं केलं. त्यांना येणं जमणार नाही हे माहीत असूनही तारीख तीच ठेवली.

जागा वडगावात. एका सभासदाच्या घरामागे मागाचं शेड होतं. माग विकून झालेले, शेड रिकामं. पत्र्याचं छप्पर, उंच खिडक्या, कोपऱ्यात रंगीत सुताच्या कांड्यांची पोती तशीच पडलेली. स्टेज नाही, हॉलमालक नाही. बॅनरच्या जागी खडेबाजाराचा एक जुना फोटो मोठा करून लावला. पाटीचा वाद त्यामुळे उद्भवलाच नाही. फोटोतल्या दुकानांच्या पाट्यांवर मात्र दोन्ही भाषा होत्या.

मिठाईवाल्यांनी पुन्हा विचारणा केली होती. यावेळी दादांनी नकार दिला, आणि त्यासाठी नुसतं तत्त्व पुढे केलं नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केलेल्या नियमांप्रमाणे पैसे, वस्तू किंवा फुकटचं काहीही घेऊन कोणी पोस्ट केली, तर ती जाहिरात आहे हे पोस्टवर ठळक सांगावं लागतं. नाहीतर ग्राहक संरक्षण कायद्याखाली दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पहिल्या वेळच्या पाच रील्सपैकी एकीवरही तसं लिहिलं नव्हतं. सभासदांकडून शंभर-शंभर रुपये घेतले, ज्यांना जमत नव्हतं त्यांच्याकडून नाही.

दारात वही नव्हती. एक मुलगी स्केचपेन घेऊन बसली होती आणि चिकटपट्टीवर फक्त हँडल लिहून देत होती. खाली एक ओळ: 'मला विचारा'. पुढचं ज्याचं त्याने भरायचं. 'मला विचारा: आंबोलीत पावसात कुठं थांबावं.' 'मला विचारा: मांडे फाटू नयेत म्हणून काय करतात.' एका निवृत्त पोस्टमनने लिहिलं, 'मला विचारा: शहापुरातल्या कुठल्याही गल्लीचं जुनं नाव', आणि दीड वाजेपर्यंत त्यांना बसायला मिळालं नाही.

दुसरी योजना आयत्या वेळी सुचली. फोटो नको असलेल्यांना ओळखायचं कसं, यावर कार्डं, बिल्ले, टोप्या असं बरंच बोलणं झालं होतं. शेडच्या मालकीणबाईंनी पोत्यातून लाल सुताची एक कांडी काढली आणि म्हणाल्या, "हे बांधा की मनगटाला." लाल दोरा म्हणजे माझा फोटो, व्हिडिओ नको. आम्हाला वाटलं होतं पाच-सहा बायका बांधतील. पहिल्या तासातच निम्म्याहून जास्त मनगटांवर दोरा दिसत होता, आणि त्यात पुरुष भरपूर होते. कोणी ऑफिसात आजारपणाची रजा टाकून आलेला, कोणी बायकोला वेगळंच सांगून आलेला. एका बँकेतल्या साहेबांनी मला सांगितलं, "पान चालवतो ते मॅनेजरला माहीत नाही. राहू दे तसंच."

टेबलांवर जुने फोटो छापून ठेवले होते, प्रत्येकाभोवती पांढऱ्या कागदाची चौकट आणि दोऱ्याला बांधलेली पेन्सिल. ज्याला जे माहीत ते चौकटीत लिहायचं. भेटीचा गाभा हाच ठरला. एका फोटोत टांगा, मागे कौलारू इमारत. एकाने लिहिलं 'रेल्वे स्टेशन'. दुसऱ्याने ते न खोडता खाली लिहिलं, 'नव्हे, स्टेशनची कमान अशी नाही'. तिसरा आला, चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाला, "कॅम्पातलं आहे गा हे, झाड ओळखीचं आहे." पाच मिनिटांत त्या टेबलाभोवती सात-आठ जण. त्यात तो बैलहोंगलचा कोटीबाजही होता, आणि त्याने लिहिलेल्या ओळीवर बाकीचे खो-खो हसत होते. आडनाव कोणी विचारलं नाही. एकाने विचारलं ते एवढंच: "म्हणजे तो पावसाच्या पोस्टवर लिहिणारा तू होय?"

यजमान म्हणून बारा जण नेमले होते, आणि निवडताना फॉलोअर पाहिले नव्हते. बाईंनी गटातली जुनी संभाषणं चाळून नव्या माणसाला सगळ्यात आधी उत्तर कोण देतं ते शोधलं. यजमानांचं काम एकच: एकटं उभं असलेलं माणूस दिसलं की त्याला फोटोच्या टेबलाशी न्यायचं. यात एक अडचण आली. ऑनलाइन बोलघेवडे असलेले तिघे प्रत्यक्षात इतके लाजाळू निघाले की त्यांनाच कोणीतरी टेबलाशी न्यावं लागलं.

खाण्याला मिरची भजी, चहा, शेवटी पुलाव. शाकाहारी का, म्हणून निपाणीकरांनी टोमणे मारले. ते सहन केले. भज्यांसाठी मुद्दाम एकच कढई ठेवली. दोन ठेवल्या असत्या तर रांग झरझर सरकली असती, आणि कोणी कोणाशी बोललं नसतं. पंधरा-वीस माणसांची रांग, हातात रिकामी बशी, समोर तेलात फुगणाऱ्या मिरच्या. अशा वेळी पुढच्या माणसाच्या पाठीवर लिहिलेलं वाचल्याशिवाय दुसरा उद्योग नसतो. चिकटपट्ट्या छातीवर न लावता पाठीवर लावायची कल्पना रांगेत उभ्या असलेल्या एका कॉलेजच्या पोराने काढली, आणि बघता बघता सगळ्यांनी तसं केलं.

मोबाइलवर बंदी घातली नव्हती. फक्त रील्ससाठी शेवटचा अर्धा तास आणि एक भिंत राखून ठेवली होती.

काय हाती लागलं

पहिल्या भेटीच्या निम्मी माणसं आली, पण दीड वाजला तरी शेड रिकामं होईना. चौकटीतल्या पेन्सिलीच्या नोंदी बाईंनी उतरवून घेतल्या; कित्येक फोटोंना पहिल्यांदाच ठिकाण मिळालं. टांग्याच्या फोटोचा वाद मात्र मिटला नाही आणि तो अजून गटात चालू आहे. तो कोटीबाज आणि वडगावातले एक विणकर मिळून आता मागावरच्या जुन्या कारागिरांच्या मुलाखती टिपतायत, एक जण कन्नडमधून विचारतो, दुसरा मराठीतून. सायकलवाल्यांची एक वेगळी टोळी झाली आहे.

आडनावाचं म्हणाल तर तासाभरात बऱ्याच जणांनी स्वतःहून सांगून टाकलं. बेळगावात 'गाव कुठलं?' हा प्रश्न टाळून दोन माणसं फार वेळ बोलू शकत नाहीत. फरक इतकाच की ते कोणी कोणाला सांगायचं, हे ज्याचं त्याने ठरवलं. वही असताना ते ठरवायची सोय नव्हती.

नुकसानही झालं. पाच सत्कारमूर्तींपैकी दोघेच आले, आणि त्यातला एक अकरा वाजताच निघाला. "कंटेंटच मिळाला नाही," तो म्हणाला, आणि त्याच्या बाजूने ते खरं होतं. लाल दोऱ्यांमुळे चित्रीकरण जवळजवळ झालंच नाही. त्या महिन्यात पान पूर्वीपेक्षा कमी लोकांपर्यंत पोचलं. दादांना ते लागलं. पान त्यांनी हौसेने वाढवलेलं. पुण्याच्या मंडळींनी रागाने त्यांची वेगळी भेट ठरवली, आणि तिला इथून कोणी गेलं नाही.

त्या ताई परत आल्या नाहीत. त्यांनी मैत्रिणीकडून निरोप पाठवला: गटात माझ्या पाककृती जिथे जिथे आहेत त्या काढून टाका. बाईंनी एका संध्याकाळी बसून सगळ्या काढल्या.

निर्णयाच्या जागा

पहिल्या भेटीच्या दुसऱ्या दिवशी, लाइव्हचा प्रकार कळल्यावर काय करायचं होतं, यावर आजही दोन मतं आहेत. त्या पोराने व्हिडिओ लगेच काढला. तोपर्यंत तुकडे बाहेर गेलेले होते. दादांनी त्याला समज देऊन गटात ठेवला. तो बावीस वर्षांचा आहे, त्याला काढून टाकून त्या ताईंचं काही परत येणार नव्हतं, हे मला पटतं. पण ॲडमिन दोन दिवस गप्प राहिले ते चुकलं. त्या दोन दिवसांत व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्यांना थांबवता आलं असतं. आणि तिसऱ्या दिवशी गटात जो माफीनामा आला त्यात 'आमच्या एका भगिनीला त्रास झाला' असं होतं, त्यामुळे ज्यांना माहीत नव्हतं तेही विचारू लागले, कोण ती? माफी मागायची होती ती तिच्याकडे जाऊन, मैत्रिणीमार्फत, आणि गटात फक्त एवढं लिहायचं: कालचे सगळे व्हिडिओ आत्ता काढा, पुढे पाठवू नका.

कोटीबाजाच्या बाबतीत निवेदकाने माफी मागितली, पण त्याला जास्त लागली होती ती हॉलमधली हसणारी माणसं, असं त्याने मला सांगितलं. त्यात गटातली रोज बोलणारी मंडळी होती. दुसऱ्या भेटीला यायचं त्याने आदल्या रात्री ठरवलं, कारण वडगावच्या विणकरांनी फोन करून, "तू आला नाहीस तर मी भज्यांना पीठ भिजवणार नाही," असा दम दिला. असा फोन योजनेत नव्हता. यजमानांची यादी करताना आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नाही की ज्याला दुखावलंय त्याला आधी कोणीतरी बोलावलं पाहिजे. पुढे कोणी असं काही आखत असेल तर हे काम ठरवून एकाकडे द्यावं.

तारखेचा निर्णय मी आज वेगळा घेतला असता का? बहुधा नाही. पण पुणेकरांना आधी विचारून मग नाही म्हणायला हवं होतं. त्यांना गटातल्या सूचनेतूनच कळलं. त्यांच्यासाठी फोटोंच्या चौकटी स्कॅन करून त्याच दिवशी गटात टाकल्या असत्या तर त्यांनाही लिहिता आलं असतं. त्या चौकटी गटावर यायला पुढचे तीन आठवडे लागले, तोवर रुसवा पक्का झालेला.

तिसऱ्या भेटीची तारीख अजून ठरलेली नाही. पुण्याची मंडळी गणपतीचा पाचवा दिवस म्हणतायत, तेव्हा सगळे घरी असतात. बाईंचं म्हणणं, त्या दिवसांत घरातल्या बायकांना दुपारी चारशिवाय श्वास घ्यायला मिळत नाही, आणि फोटोंवर लिहिणाऱ्यांत निम्म्या बायका आहेत. दादांनी चार ते सातची वेळ सुचवली आहे. त्यावर गटात मतदान चालू आहे, आणि निपाणीकरांनी मटणाचा पर्याय त्यातच घुसवला आहे.